व्हिक्टर सानेयेव : तीन सुवर्णं, एक रौप्य आणि सहावी उडी

तिसरी ढांग (धागाकर्ता)

शाळेत असताना माझी तिहेरी उडी बरी होती. बरी म्हणजे तालुक्याला पहिला आणि जिल्ह्याला वडापाव खाऊन परत, इतपत. जिल्ह्याच्या मैदानावर माझ्या शेवटच्या उडीला पंचांनी लाल झेंडा उचलला. बूट फळीच्या पुढे गेला होता की नव्हता, यावर मी आजही जेवताना वाद घालतो आणि बायको काही न बोलता आमटी वाढते. तर ते असो. परवा लेकाला जुन्या उड्यांचे व्हिडिओ दाखवत होतो, त्यात सानेयेव दिसला आणि राहवलं नाही.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी: तिहेरी उडी म्हणजे तीन सुट्या उड्या नव्हेत. धावत येऊन फळीवरून लंगडी घालायची, म्हणजे ज्या पायाने उडालो त्याच पायावर उतरायचं. तिथून ढांग टाकून दुसऱ्या पायावर. आणि त्या पायावरून उडी, थेट वाळूत. डावा-डावा-उजवा किंवा उजवा-उजवा-डावा. मोठ्या स्पर्धांत पुरुषांची फळी वाळूपासून १३ मीटरवर असते. कबड्डीचं पुरुषांचं मैदान बरोबर १३ मीटर लांब असतं, ते डोळ्यांपुढे आणा. तुम्ही-आम्ही पूर्ण जोर लावला तरी तिसरी उडी संपेल तेव्हा वाळू दूरच असेल.

व्हिक्टर सानेयेव १९४५ चा, काळ्या समुद्राकाठच्या सुखुमीचा. तेव्हाचा सोव्हिएत संघ, त्यातला जॉर्जिया. सुरुवात उंच उडीने केली, गुडघा दुखावला आणि तिहेरी उडीकडे वळला. प्रशिक्षक आकोप केर्सेल्यान. १०० मीटर १०.५ सेकंदांत धावायचा, लांब उडी ७.९० मीटरपर्यंत मारायचा. म्हणजे वेग होताच. पण याची खरी ख्याती वेगळी: सगळं संपत आलंय असं वाटत असताना हा उडायचा.

आता मेक्सिको ऑलिंपिक, १९६८. हे जरा सविस्तर सांगतो, कारण असा अंतिम सामना पुन्हा झालेला नाही.

जागतिक विक्रम होता १७.०३ मीटर, पोलंडच्या युझेफ श्मिटचा, १९६० सालचा. सतरा मीटर ओलांडणारा पहिला माणूस. आठ वर्षं तो विक्रम कुणी हलवला नव्हता. १६ ऑक्टोबरला पात्रता फेरीतच इटलीच्या जुझेप्पे जेंतिलेने १७.१० मारली. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत पहिल्याच उडीला त्याची १७.२२. झालं, पदक याचंच, असं लोक धरून चालले. तिसऱ्या फेरीत सानेयेवची १७.२३. एक सेंटिमीटर! पाचव्या फेरीत ब्राझीलचा नेल्सन प्रुदेन्सियो १७.२७. आणि सहाव्या, शेवटच्या फेरीत सानेयेव १७.३९.

दोन दिवसांत जागतिक विक्रम पाचदा मोडला, तिघांनी मिळून. बिचारा जेंतिले दोनदा विश्वविक्रम करून कांस्य घेऊन घरी गेला. पाचवा आला त्याचीही उडी १७.०९, म्हणजे श्मिटच्या जुन्या विक्रमाच्या पुढे. खुद्द श्मिट तिथे होता. त्याने १६.८९ मारली आणि सातवा आला. चार वर्षांपूर्वी टोकियोत त्याला सुवर्ण मिळालं होतं ते १६.८५ वर!

म्युनिक, १९७२. पूर्व जर्मनीच्या यॉर्ग ड्रेमेलची १७.३१, सानेयेवची १७.३५. चार सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम दोन बोटं. मधल्या काळात, १९७१ मध्ये, क्यूबाच्या पेद्रो पेरेझने १७.४० मारून विक्रम हिसकावला होता. सानेयेवने तो परत आणला १७.४४ ने, स्वतःच्या गावात, सुखुमीला. तारीख १७ ऑक्टोबर १९७२. मेक्सिकोच्या अंतिम फेरीला त्या दिवशी चार वर्षं पूर्ण झाली होती.

मॉन्ट्रियल, १९७६. आदल्या वर्षी ब्राझीलच्या जोआओ कार्लोस द ओलिवेराने १७.८९ मारून सगळ्यांची तोंडं बंद केली होती. एकदम ४५ सेंटिमीटरने विक्रम पुढे! सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर. पण त्याला १६.९० वर कांस्य मिळालं. अमेरिकेचा जेम्स बट्स १७.१८ वर पुढे होता, तो पाचव्या फेरीपर्यंत. मग आमचे सानेयेवसाहेब, १७.२९. तिसरं सुवर्ण. तिहेरी उडीत तीन ऑलिंपिक सुवर्णं दुसऱ्या कुणाकडे नाहीत.

आणि मग मॉस्को, १९८०. वय ३४. उद्घाटनाला मशाल घेऊन स्टेडियममध्ये आला तो हाच, पुढे बास्केटबॉलपटू सर्गेई बेलोवने ती हातात घेऊन ज्योत पेटवली. अंतिम फेरीत सानेयेव तिसरा होता. शेवटची उडी. पुन्हा तेच. १७.२४, आणि ओलिवेराच्या १७.२२ ला मागे टाकून रौप्य. सुवर्ण याक ऊदमेला, १७.३५.

मला विचाराल तर त्याची सर्वांत मोठी उडी हीच. वय, दुखऱ्या घोट्याची पूर्वपीठिका, घरच्या प्रेक्षकांचं ओझं. पण ही उडी मनमोकळेपणाने साजरी करता येत नाही, याचं कारण ते लाल झेंडे. त्यावर खाली बोलू. तुम्हाला काय वाटतं?

---

चहाबाज

मस्त धागा. वाचनखूण साठवली आहे. एक बाळबोध शंका: "एक सेंटिमीटर" म्हणता, पण इतकं अचूक मोजतात कुठून कुठे? पायाच्या बोटांपासून का?

तिसरी ढांग

@चहाबाज, नाही. वाळूत फळीच्या सर्वांत जवळची खूण जी असेल तिथून फळीच्या वाळूकडच्या कडेपर्यंत. म्हणजे मागे हात टेकला तर हातापासून. फळीच्या दहा सेंटिमीटर मागून उडालात तर ते दहा सेंटिमीटर फुकट गेले. आणि पुढे गेलात तर झेंडा. या खेळातला माणूस आयुष्यभर त्या कडेशी संसार करतो.

पीटीचा तास

तीस वर्षं शाळेत मैदानावर घालवली आहेत, म्हणून थोडी भर घालतो. मुलांना लांब उडी आवडते, तिहेरी आवडत नाही. कारण मधली ढांग. लंगडी सगळ्यांना येते, आपल्याकडे तर घरोघरी येते. शेवटची उडीही येते. पण जोरात लंगडी घालून उतरलं की पाय बसतो आणि ढांग नुसतं पाऊल होऊन जाते. मोठ्या खेळाडूंच्या बाबतीत तर त्या टेकण्याला शरीराच्या वजनाच्या दहापटीहून जास्त भार एका पायावर येतो. घोटा, टाच, गुडघा, कंबर, सगळं तिथेच जातं. म्हणून चार ऑलिंपिक हा आकडा मला तीन सुवर्णांपेक्षा मोठा वाटतो. बारा वर्षं तो पाय टिकवणं ही कमाल आहे.

मी मुलांना एक युक्ती सांगतो: लंगडी उंच घालू नका, लांब घाला. उंच गेलात की धाडकन खाली येता. ऐकतात का? नाही ऐकत.

आकडेमोड्या

धागाकर्त्याचा उत्साह समजू शकतो, पण थोडं थंड पाणी ओततो. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून २२४० मीटर उंच. हवा विरळ. शिवाय ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच कृत्रिम धावपट्टी. आणि वाऱ्याचे आकडे बघा: १७.२३ ला +२.०, प्रुदेन्सियोच्या १७.२७ ला +२.०, १७.३९ लाही +२.०. विक्रमासाठी परवानगीची मर्यादा किती? सेकंदाला २.० मीटर. वारा काय नियमपुस्तक वाचून वाहत होता? दुसऱ्या दिवशी तिथेच बॉब बीमनने लांब उडीत ८.९० मारली, तिलाही वारा २.० च. ओलिवेराची १७.८९ सुद्धा मेक्सिको शहरातलीच. या सगळ्या आकड्यांपुढे मी मनात एक चांदणी लावतो, 'शंका आहे' या अर्थाची.

तिसरी ढांग

@आकडेमोड्या, वाऱ्याबद्दल भांडणार नाही, मलाही ते हसू आणणारंच वाटतं. पण सानेयेवची सर्वांत लांब गेलेली उडी मेक्सिकोतली नाहीच. १७.४४ सुखुमीत मारली, समुद्रकाठी, आणि वारा होता उलटा, –०.५. चांदणी काढून टाका.

आकडेमोड्या

हे माहीत नव्हतं. काढली.

कोकणकडा

मॉस्कोत रशियनांनी सरळसरळ लबाडी केली असं वाचलं होतं. सोनं रशियन, चांदी रशियन. घरचेच पंच. अजून काय हवं?

तिसरी ढांग

@कोकणकडा, आधी एक. सोनंही रशियन नाही आणि चांदीही नाही. ऊदमे एस्टोनियाचा, सानेयेव जॉर्जियाचा. कपड्यांवर सोव्हिएत अक्षरं होती म्हणून आपण सगळ्यांना रशियन म्हणतो. दोन्ही ठिकाणची माणसं याला ठाम हरकत घेतील.

आता ते झेंडे. त्या दिवशी ओलिवेरा आणि ऑस्ट्रेलियाचा इयन कॅम्पबेल, या दोघांच्या मिळून बारा उड्या झाल्या. त्यातल्या नऊ बाद ठरल्या. कॅम्पबेलची एक उडी खूप लांब गेली होती, ती बाद केली ती फळीमुळे नव्हे. ढांगेच्या वेळी मागचा, मोकळा पाय जमिनीला घासला, असं पंचांनी सांगितलं. तेव्हाचा नियम तसा होता. कॅम्पबेलचं म्हणणं पहिल्यापासून एकच, पाय घासला नाही. आणि जरा विचार करा, त्या वेगात मागचा पाय खरोखर जमिनीला घासला तर माणूस इतका लांब जाईल कसा? तो अडखळेल. पुढे हा नियमच बदलला, आता मोकळा पाय जमिनीला लागला तर उडी बाद होत नाही. कॅम्पबेलला त्याचा काय उपयोग. तो १६.७२ वर पाचवा.

त्यात अमेरिका वगैरे देशांनी बहिष्कार टाकलेला, म्हणजे मैदान आधीच अर्धं रिकामं.

पंचांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण सानेयेवने काही केलं नव्हतं. तो आला, सहाव्यांदा धावला, १७.२४ मारली. ती दोन सेंटिमीटरं त्याची आहेत. ओलिवेराच्या बाद उड्यांचं काय, हा प्रश्न मात्र त्या दोन सेंटिमीटरांना कायमचा चिकटला.

पीटीचा तास

झेंडा उचलणारा माणूस खरं बघतो की बघायचं ते बघतो, हे मी स्वतः पंच म्हणून उभा राहिल्यावर कळलं. डोळा फळीवर ठेवला की पाय दिसत नाही, पायावर ठेवला की फळी दिसत नाही. म्हणून तर फळीपुढे ती मऊ पट्टी आली, बूट लागला की ठसा उमटतो. मागचा पाय घासला की नाही याला ठसा कुठला? सगळं पंचाच्या शब्दावर.

निमूट वाचक

पहिल्यांदाच प्रतिसाद लिहितेय, संभाळून घ्या. ओलिवेराचं पुढे काय झालं? १७.८९ मारणारा माणूस दोन्ही वेळा कांस्यावरच का राहिला?

तिसरी ढांग

@निमूट वाचक, ताई, ही गोष्ट वाईट आहे. ब्राझीलमध्ये त्याला 'जोआओ दो पुलो' म्हणत, म्हणजे उडीवाला जोआओ. डिसेंबर १९८१ मध्ये मोटार अपघात झाला आणि त्याचा उजवा पाय कापावा लागला. वय सत्तावीस. नंतर साओ पावलोच्या विधानसभेत निवडून आला. १९९९ मध्ये गेला, वय फक्त ४५. त्याचा १७.८९ चा विक्रम १९८५ मध्ये अमेरिकेच्या विली बँक्सने १७.९७ मारून मोडला.

ब्राझीलची तिहेरी उडीशी जुनीच सोयरीक आहे. आदेमार फेरेइरा दा सिल्वाने १९५२ आणि १९५६ चं सुवर्ण नेलं. साओ पावलो फुटबॉल क्लबच्या चिन्हावर ज्या दोन सोनेरी चांदण्या आहेत त्या फुटबॉलसाठी नाहीत, या माणसाच्या विक्रमांसाठी आहेत.

निमूट वाचक

धन्यवाद. फुटबॉलवेड्या देशात फुटबॉल क्लबवर उडीवाल्याच्या चांदण्या! हे फार आवडलं.

साठ फूट

आयडीवरून ओळखलंच असेल, मी जोनाथन एडवर्ड्सवाला. तीन सुवर्णं मान्य, पण सर्वश्रेष्ठ म्हणायचं तर एडवर्ड्स. ७ ऑगस्ट १९९५, गोथेनबर्ग, जागतिक स्पर्धा. पहिली उडी १८.१६, विक्रम. दुसरी १८.२९, पुन्हा विक्रम. वीस मिनिटांच्या आत-बाहेर अठरा मीटरची भिंत दोनदा फोडली. १८.२९ म्हणजे साठ फूट. त्याला तीस वर्षं झाली, ख्रिश्चन टेलर २०१५ मध्ये बीजिंगला १८.२१ पर्यंत आला, तिथेच थांबला.

आणि हाच माणूस १९९१ ची जागतिक स्पर्धा खेळला नाही, कारण पात्रता फेरी रविवारी होती! पाद्र्याचा मुलगा, रविवार देवाचा. १९९३ पासून रविवारी उतरू लागला. एक बारीक अंगाचा माणूस, पाण्यावर चपटा दगड फेकल्यावर टप्पे घेत जातो तसा जायचा. सानेयेवच्या उडीत ताकद दिसते, याच्या उडीत काही दिसतच नाही, नुसता जातो.

तिसरी ढांग

चपट्या दगडाची उपमा शंभर टक्के. आम्ही त्याला भाकऱ्या काढणं म्हणतो.

पण साठ फूट, तुमच्याच माणसाचं १९९६ बघा. विश्वविक्रम नावावर, वर्षभर हरलेला नाही, आणि अटलांटात १७.८८ मारूनही रौप्य, कारण केनी हॅरिसनने १८.०९ मारली. सुवर्णासाठी सिडनीपर्यंत थांबावं लागलं, २००० साली, १७.७१. सर्वांत लांब कोण गेला, तर एडवर्ड्स. चार वर्षांतून येणाऱ्या त्या एका दुपारी कोण उडेल, यावर घरदार पणाला लावायचं असेल तर मी सानेयेववर लावीन.

साठ फूट

घर लावू नका. वहिनी आमटी वाढायच्या बंद होतील.

कोकणकडा

😂 आणि ते रशियन-जॉर्जियन मान्य. चूक दुरुस्त. आपल्याकडच्यांचं काय? कुणी आहे का या खेळात?

पीटीचा तास

@कोकणकडा, आहेत, आणि बरेच आहेत. हेन्री रिबेलो १९४८ ला लंडनमध्ये अंतिम फेरीत पोचला होता, पोरसवदा वय. अंतिम फेरीच्या पहिल्याच उडीत मांडीचा स्नायू गेला. तिथेच संपलं. त्यानंतर मोहिंदर सिंग गिल. १९७० च्या बँकॉक आशियाईत सुवर्ण, त्याच वर्षी एडिंबराच्या राष्ट्रकुलात कांस्य, १९७४ ला ख्राइस्टचर्चमध्ये रौप्य. एडिंबराला सुवर्ण कुणाला? ऑस्ट्रेलियाच्या फिल मेला, जो मेक्सिकोत १७.०२ मारून सहावा आला होता. श्मिटच्या जुन्या विक्रमापेक्षा एक सेंटिमीटर कमी आणि सहावा!

अलीकडचं तर सगळ्यांना आठवत असेल. २०२२, बर्मिंगहॅम राष्ट्रकुल, एल्डोस पॉल १७.०३ सुवर्ण, अब्दुल्ला अबूबकर १७.०२ रौप्य. दोघेही केरळचे. आपला तिसरा खेळाडू प्रवीण चित्रवेल जरासाठी चौथा.

आकडेमोड्या

१७.०३! म्हणजे श्मिटचा १९६० चा विश्वविक्रम आणि एल्डोसचं राष्ट्रकुल सुवर्ण, आकडा तोच. आणि प्रवीणने २०२३ मध्ये हवानात १७.३७ चा राष्ट्रीय विक्रम केला. सानेयेवच्या मेक्सिकोच्या उडीपेक्षा दोन सेंटिमीटर कमी. यावरून आपण मागे आहोत म्हणायचं, की तो माणूस पुढे होता म्हणायचं, ज्याने त्याने ठरवावं. मी दुसऱ्या बाजूला सरकतोय.

सिडनीकर

धागा उशिरा पाहिला. मी नव्वदच्या दशकात इथे आलो. सानेयेवही त्याच सुमारास आला होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सोव्हिएत संघ फुटला, जॉर्जियात यादवी पेटली आणि तो बायको-मुलाला घेऊन ऑस्ट्रेलियात आला. पहिलं काम संपल्यावर हाताला काही नव्हतं. एका टप्प्यावर पदकं विकायचा विचार केला, मग नको म्हणाला आणि मिळेल ते काम केलं. पिझ्झा पोचवण्याचंही. पुढे शाळेत व्यायाम शिकवला, मग उड्यांचा प्रशिक्षक म्हणून नोकरी लागली. ३ जानेवारी २०२२ ला इथेच सिडनीत गेला, वय ७६.

माझ्या सोबत आलेला एक इंजिनियर पहिलं दीड वर्ष टॅक्सी चालवत होता, दुसरा गोदामात. आम्ही एकमेकांना "आधी काय होतास" हे विचारायचं नाही असं ठरवूनच टाकलं होतं. त्या वर्षांत आमच्या खोलीवर शुक्रवारी रात्री पिझ्झा यायचा. आणून देणाऱ्याचं तोंड कधी नीट पाहिलं नाही. तो असेल असं नाही म्हणत मी, शहर केवढं मोठं. पण हा धागा वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

निमूट वाचक

😔

तिसरी ढांग

@सिडनीकर, हा भाग मला मूळ लेखात लिहायचा होता. तीनदा लिहून पुसला, जमत नव्हतं. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

आणि योगायोग बघा, कॅम्पबेलचा देश तो.

चहाबाज

अवांतर होईल, पण सांगतोच. तुमच्या १७.३९ चा अंदाज येईना म्हणून रात्री जेवण झाल्यावर टेप घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरलो. एका गाडीची जागा अडीच मीटर. सात गाड्या लागल्या. कुलकर्ण्यांच्या स्कूटरपासून पार पाण्याच्या टाकीपर्यंत. वॉचमन मामा टॉर्च घेऊन आले, काय हरवलं म्हणून. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सात गाड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. चप्पल काढून ठेवली, पायजमा वर खोचला आणि गेटपासून धावत येऊन लंगडी, ढांग, उडी!

पावणेतीन गाड्या. दुसऱ्यांदा तीनला टेकले. वय विचारलं तर साठीच्या पुढे. आता म्हणतात उद्या वाळू मागवा, बांधकामाची उरलीय ती चालेल.